मूळ देश

कंटेनरचं सील तोडलं, दाराचा दांडा खाली ओढला आणि आतून कोऱ्या सुताचा वास अंगावर आला. मे महिना होता. न्हावा शेवाच्या त्या गोदामाचा पत्रा दुपारी साडेबारा वाजता असा तापलेला, की हमाल डोक्यावर ओले पंचे टाकून काम करत होते.

‘वरची नको, मधली गासडी काढा,’ फडतरे मॅडम म्हणाल्या.

फडतरे मॅडम कस्टम्सच्या अप्रेझर. कागदावर लिहिलेला माल आणि कंटेनरमधला माल एकच आहे का, त्यावर किती ड्यूटी बसते, हे ठरवणं त्यांचं काम. मी आयातदाराच्या बाजूने उभी होते. बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका एजन्सीत मी नोकरीला होते. आयातदारांचे कागद तयार करायचे, खाली सही करायची आणि अधिकारी विचारतील त्याला उत्तर द्यायचं. गळ्यात कस्टम्सचं कार्ड. त्यावर फोटो आणि नाव, अंबिका व्यंकटेश दुडम. परीक्षा देऊन मिळवलेलं कार्ड होतं ते, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. अठ्ठावीस वर्षांची होते मी.

हमालांनी गासडी फोडून एक चादर टेबलावर पसरली. गर्द निळी जमीन आणि तिच्यावर ओळीने पिवळे पक्षी, मान मागे वळवून स्वतःच्याच शेपटाकडे बघणारे.

मॅडम कागद वाचत होत्या. ‘सुती चादरी, जेकार्ड. बांगलादेशात विणलेल्या. मूळ देशाचा दाखला जोडलाय, म्हणजे करारानुसार ड्यूटी शून्य. बरोबर ना, अंबिका?’

मी पक्ष्याच्या डोळ्याकडे बघत होते. डोळा तीन चौकटींचा होता. चौथी चौकट भरली तर डोळा चोचीला चिकटतो, म्हणून तीनच भरायच्या. हे मला ज्यांनी शिकवलं ते माझे वडील. सोलापुरातल्या आमच्या घरात, फरशीवर आलेखाचा मोठा कागद पसरून त्यांनी हा पक्षी काढला तेव्हा मी पाचवीत होते. पिवळ्या पेन्सिलीने चौकटी भरायचं काम माझं.

‘अंबिका?’

‘एक मिनिट, मॅडम. काठ बघते.’

काठावरची शिलाई मी नखाने उसवली. आमच्याकडच्या मागावर धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि परत फिरतो. त्याच्याबरोबर बाणा, म्हणजे आडवा धागाही वळतो, म्हणून चादरीचा काठ बंद असतो, बोटाला गुळगुळीत लागतो. इथे प्रत्येक ओळीचा बाणा कापलेला होता. बारीक बारीक टोकं, वरून शिलाई मारून झाकलेली. हे धोट्याच्या मागाचं कामच नव्हतं. आणि माझ्या हातातल्या कागदात लिहिलं होतं, ‘ढाक्याजवळच्या कारखान्यात, धोट्याच्या चोवीस मागांवर विणलेल्या.’

‘काय झालं?’ मॅडमनी विचारलं.

‘मला एक कागद परत तपासायचाय. सही दोन दिवसांत देते.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘तपासा. सही तुमची असते, हे लक्षात ठेवा.’

त्यांनी नमुन्याची एक चादर बाजूला काढून तिच्यावर लाखेचं सील मारलं.  कागदावर आयातदाराचं नाव होतं ‘मयूरगंध टेक्स्टाइल्स, सोलापूर’. मालक राजेशम इराबत्ती.

या माणसाबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या वडिलांनी त्याच्याकडे बावीस वर्षं नोकरी केली. कारखान्यात बासष्ट माग. वडील डिझाइन मास्तर. सगळे त्यांना दुडम मास्तर म्हणत. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे, वडिलांना नान्ना म्हणणारे. इराबत्तीही आमच्यातलाच. चार वर्षांपूर्वी एके दिवशी त्याने सगळ्या कामगारांना फाटकाजवळ बोलावलं, स्टुलावर उभा राहिला आणि रडला. ‘बाहेरच्या मालानं आपल्याला मारलं रे! परदेशी चादर आपल्या निम्म्या भावात येते, मी कुठवर टिकू?’ लोकच त्याची समजूत घालत होते. त्याच महिन्यात बासष्ट माग भंगारात गेले. नान्ना घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आठ दिवस तसेच होते. अम्मा विड्या वळून घर चालवू लागली.

मी या धंद्यात आले ती त्या आठ दिवसांमुळे. हा बाहेरचा माल येतो कुठून, कोण आणतं, कोणत्या कागदावर आत सोडतात, हे मला बघायचं होतं. नवी मुंबईत खोली घेतली, दिवसा एजन्सीत टायपिंग केलं, पहाटे उठून अभ्यास केला आणि कार्ड मिळवलं.

आणि महिन्यापूर्वी इराबत्ती पेढे घेऊन आमच्या ऑफिसात हजर झाला होता. ‘आपली मुलगी इथे आहे म्हटल्यावर मी दुसऱ्याकडे कशाला जाऊ?’ असं सगळ्यांसमोर म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी सुती मालाचा धंदा सुरू केलाय, एवढंच बोलला. मीही खुळी. उठून त्याच्या पाया पडले.

गोदामातून मी तडक ऑफिस गाठलं. पहिलाच कंटेनर म्हणून इराबत्ती स्वतः आला होता. घरतशेठच्या केबिनमध्ये एसीखाली उसाचा रस पीत बसला होता. घरतशेठ म्हणजे एजन्सीचे मालक, उरणकडचे. मोठ्या आवाजाचे पण मनाने बरे.

‘झाली का सही?’ शेठनी विचारलं.

‘नाही. या चादरी बांगलादेशात विणलेल्या नाहीत.’

इराबत्ती हसला. ‘मग काय सोलापुरात विणल्या?’

‘तेच विचारते, मालक. कुठे विणल्या? काठ कापलेला आहे. बिनधोट्याचा माग आहे तो. दाखल्यात धोट्याचे माग लिहिलेत.’

तो घरतशेठकडे वळला. ‘बघा. आमच्या मागवाल्याची पोरगी. काठावरून माग ओळखते.’ आणि मग माझ्याशी तेलुगूत, समजावणीच्या सुरात बोलू लागला, ‘अगं, विणल्या चीनमध्ये. तिथून रोल ढाक्याला गेले. तिथं कापले, कडा शिवल्या, गोंडे बांधले, पिशवीत भरले. काम झालंच ना तिथं? मग तिथलाच माल.’

‘कडा शिवून मालाचा देश बदलत नाही. ताणा-बाणा जिथे पडला तो त्याचा देश. चीनहून सरळ आणल्या असत्या तर पूर्ण ड्यूटी भरावी लागली असती. म्हणून हा वळसा.’

‘सगळे असंच करतात.’

‘दाखल्यात खोटं लिहिलंय, मालक. धाग्यापासून तिथंच विणलंय असं लिहिलंय.’

‘ते तिथल्या माणसानं लिहिलं. मी थोडंच लिहिलं?’

‘आणि खाली सही माझी!’

माझा आवाज बाहेर गेला असावा, कारण बाहेरचा कीबोर्डचा आवाज थांबला. घरतशेठ म्हणाले, ‘हळू गो, अंबिका. गिऱ्हाईक आहे.’

‘तुम्ही स्टुलावर उभं राहून रडला होतात,’ मी इराबत्तीला म्हणाले. आता मी मराठीत बोलत होते, शेठना कळावं म्हणून. ‘बाहेरच्या मालानं मारलं म्हणालात. माझे वडील आठ दिवस जेवले नाहीत. आणि आता त्यांचंच डिझाइन चीनमध्ये विणून आणता? कुणाला विचारून घेतलं ते?’

त्याने ग्लास खाली ठेवला. हसू गेलं होतं.

‘तुझ्या बापाला विचार,’ तो म्हणाला. ‘जा, सोलापूरला जाऊन विचार. मग माझ्यावर ओरड.’

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून मी दुपारी घरी पोचले. नान्ना पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. अम्मा सुपात तेंदूची पानं कापत होती. मी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

‘नान्ना, तुम्ही चीनला गेला होता?’

पेपर खाली आला. ‘कोण म्हणालं?’

‘तुमचे मालक.’

अम्माची कात्री थांबली. ‘चीन? हे कधी?’

‘गेल्या वर्षी सुरतला म्हणून तीन आठवडे गेले होते ना, तेव्हा,’ मी म्हणाले. मालक यातलं काही बोलले नव्हते, दोन्ही दगड मी अंदाजानेच मारले होते, पण नान्नांची मान खाली गेली.

‘आणि ती साडी?’ अम्माने विचारलं. ‘सुरतची म्हणून मला आणलेली?’

‘मुंबईत घेतली. विमानातून उतरल्यावर.’

अम्मा उठली. सूप उचलून आत गेली. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला, मग दुसरं.

नान्ना उठले, लोखंडी कपाट उघडलं, चादरींच्या घडीखालून पासपोर्ट काढला आणि माझ्या पुढ्यात टाकला. ‘बघ. चोरी केली नाही मी. नोकरी केली.’

मी उघडला. नवा कोरा पासपोर्ट, एकाच प्रवासाचे शिक्के. जाण्याची तारीख, येण्याची तारीख, त्या देशाचा व्हिसा. मी ते पान बराच वेळ बघत राहिले.

‘मालक म्हणाले, नवीन माग घ्यायचेत,’ नान्ना सांगू लागले. ‘आधी तिकडे आपली डिझाइनं चढवून बघू, चाललं की तेच माग सोलापुरात आणू, सगळ्या माणसांना परत घेऊ. म्हणाले, आत्ताच कुणाला बोलू नका, धंद्यात दुसरे टपलेत. मी गेलो. सगळी डिझाइनं त्यांच्या कॉम्प्युटरवर चढवून दिली. त्यांचा मुख्य इंजिनिअर, पन्नाशीचा माणूस, पहिली चादर मागावरून उतरली तशी उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. अंबिका, बावीस वर्षांत मला इथे कुणी टाळी वाजवली नव्हती.’

‘मग आले माग?’

‘न्हाई.’

‘काय आलं?’

ते कपाट बंद करू लागले.

‘बोला ना! काय आलं?’

‘नमुन्याच्या चादरी आल्या. पाच-सहा गासड्या. विमानानं.’

‘आणि तुम्ही?’

‘मी तपासायला बसतो. जुन्या शेडमध्ये. बावीस बायका आहेत कामाला. आलेलं लेबल काढतात, आपलं लावतात. तुझी पद्मामावशी पण तिथंच आहे. आता कंटेनर आला की दीडशे बायकांना काम मिळेल म्हणायलेत मालक.’

‘आपलं लेबल म्हणजे?’

त्यांनी खिडकीकडे बघितलं. ‘सोलापुरी चादर.’

 माझा आवाज फाटकाच फुटला. ‘चार वर्षं या घरात एकच गोष्ट ऐकली मी. बाहेरच्या मालानं मारलं. जेवताना तेच, झोपताना तेच. मी त्यासाठी घर सोडून गेले. आणि तो माल तुम्ही आणला? तुम्ही शिकवून आलात त्यांना? आणि वर त्याला सोलापुरी म्हणून विकता?’

‘आवाज चढवू नकोस.’

‘चढवणार.’

‘मग चढव! बावीस बायकांच्या घरी जाऊन चढव. त्यांना सांग, माझ्या एका सहीसाठी तुमचं काम बंद.’ तेही उभे राहिले होते. ‘तू न्हाई केलीस तर दुसरं कुणी करेल सही.’

‘करू दे. माझं नाव नको त्यावर.’

‘नाव, नाव काय लावलंयस! माझं नाव कुठल्या चादरीवर आहे? चाळीस डिझाइनं केली. एकीवर तरी दुडम लिहिलेलं बघितलंस? पोट भरलं का न्हाई तरी?’

मी चप्पल घातली. अम्मा आतून म्हणाली, ‘जेवून जा.’ मी थांबले नाही. स्टेशनपर्यंत चालत गेले. त्या दिवशी मला कुणाचा राग आला होता, हे नीट सांगता येणार नाही. इराबत्तीचा होता, तो सरळ होता. नान्नांचा होता, तो टोचत होता. आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या इंजिनिअरचासुद्धा होता, कारण त्याने दिलं ते आम्ही कुणी दिलं नव्हतं.

परत आल्यावर मी घरतशेठना सांगितलं, ‘सही करणार नाही. आणि नियम असा आहे, की आयातदार चुकत असेल तर आधी त्याला सांगायचं, तो ऐकत नसेल तर अधिकाऱ्याला कळवायचं. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. मी कळवणार.’

शेठनी कपाळावर हात मारला. ‘नियम मला शिकवतेस? माझ्या आज्याची मिठागरं या बंदराखाली गेली, तेव्हापासून बघतोय मी नियम. सही करू नको, कबूल. मी कागद परत करतो त्याला, दुसरा एजंट बघ म्हणतो. विषय संपला.’

‘दुसरा एजंट सही करेल.’

‘करू दे ना! तू काय अख्ख्या बंदराचा ठेका घेतलायस?’

‘शेठ, मी कळवणार.’

ते खिडकीबाहेर उभ्या ट्रेलरांकडे वळले. मग म्हणाले, ‘माझ्या लेटरहेडवर लिहू नको. आणि लिहिलंस तर उद्यापासून येऊ नको. मला वाईट वाटतंय हे सांगताना, पण उद्यापासून येऊ नको.’

मी कोऱ्या कागदावर लिहिलं. तीन परिच्छेद. पहिला काठाविषयी. दुसरा, ढाक्याला फक्त शिलाई झाली हे आयातदाराने माझ्यासमोर कबूल केलं त्याविषयी. तिसरा परिच्छेद मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा लिहिला. खाली सही केली, कार्डाचा नंबर घातला आणि फडतरे मॅडमच्या टेबलावर ठेवून आले.

कंटेनर अडवला गेला. चौकशी सुरू झाली. मी एका कुरियर कंपनीत पावत्या तपासायचं काम धरलं. घरून फोन आला तर अम्माचा. नान्ना फोनवर येत नसत, मीही बोलवत नसे.

ऑक्टोबरात समन्स आलं. मला आणि नान्नांनाही.

तिसऱ्या मजल्यावरची ती लांबट खोली मला अजून आठवते. टेबलाच्या एका बाजूला उपायुक्त साहेब आणि फडतरे मॅडम. समोर इराबत्ती आणि त्याचे वकील. नान्ना सोलापूरहून एकटे आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. मी शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या मध्यावर ती निळी चादर होती, नमुना म्हणून ठेवलेली.

वकील बोलू लागले. माल बांगलादेशातच विणलाय, दाखला खरा आहे. काठाचं म्हणाल तर तिथे काही नवे मागही असतील, दाखल्यात लिहायचे राहिले असतील. ‘आणि डिझाइन आमचंच आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण ते आमच्या कारखान्यातून चोरीला गेलं. कारखाना बंद झाल्यावर आमचे डिझाइन मास्तर श्री. दुडम यांनी मागावर नक्षी चढवायची जुनी पंचकार्डं नेली आणि परदेशी लोकांना विकली. पुढे ती कुणाकुणाकडे फिरली, ते आम्हाला कसं कळणार? मुलीने केलेली तक्रार ही बापाची चोरी झाकण्यासाठी आहे.’

नान्ना ताठ झाले. ‘काय म्हणाले हे?’ त्यांनी मला विचारलं. पाच महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

‘तुम्ही कार्डं चोरून विकली म्हणतात.’

त्यांनी इराबत्तीकडे बघितलं. इराबत्ती कागद चाळत होता.

उपायुक्त म्हणाले, ‘पण तक्रारीत वेगळंच लिहिलंय. मॅडम, तिसरा परिच्छेद वाचा.’

फडतरे मॅडमनी माझा कागद उचलला. मी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. मॅडम वाचत होत्या, सावकाश, शब्द न शब्द. ‘सदर माल चीनमध्ये विणला गेला, याचे साक्षीदार माझे वडील श्री. व्यंकटेश दुडम आहेत. आयातदाराच्या सांगण्यावरून ते स्वतः तिथल्या कारखान्यात डिझाइन चढवण्यासाठी गेले होते. त्यांच्या पासपोर्टावरील जाण्यायेण्याच्या तारखा मी स्वतः पाहिल्या असून त्या खालीलप्रमाणे...’

तारखा वाचून झाल्या.  नान्नांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी घरी पासपोर्टाचं ते पान मी एवढा वेळ का बघत होते, ते त्यांना त्या क्षणी कळलं. त्या नजरेबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

‘हे खरं आहे का, दुडम?’ उपायुक्तांनी विचारलं. ‘पासपोर्ट आणायला सांगितलं होतं. आणलाय?’

इराबत्ती टेबलावरून पुढे झुकला आणि तेलुगूत भराभर म्हणाला, ‘मास्तर, हरवला म्हणा. फक्त हरवला म्हणा. चोरीचं मी मागे घेतो. त्या बायका आठवा. पद्मा आठवा.’

‘काय सांगताय त्यांना? मराठीत बोला,’ मॅडम कडाडल्या.

नान्ना उभे राहिले. पिशवीतून पासपोर्ट काढून त्यांनी उपायुक्तांपुढे ठेवला. मग कुणाला न विचारता चादर स्वतःकडे ओढली.

‘साहेब, मला चोर म्हणाले. हे पक्षी मोजा.’

‘पक्षी?’

‘एका ओळीत किती आहेत, मोजा.’

मॅडमनी बोट लावून मोजले. ‘आठ.’

‘सोलापूरच्या मागावर या डिझाइनची जी कार्डं होती, त्यांत सहा पक्षी आहेत. आमच्या मागाची रुंदीच तेवढी. बाजारातली कुठलीही जुनी चादर आणा, सहाच निघतील. तिकडचा माग रुंद. सहा पक्षी घातले तर दोन्हीकडे रिकामं राहायचं. म्हणून मी तिथं बसून दोन वाढवले, वेलीची वळणं बदलली. चार दिवस लागले. चोरलेल्या कार्डावर आठ पक्षी कुठून येणार?’  ते इराबत्तीकडे वळले. ‘मालक, तुम्ही माझ्याकडून खोटं काम करून घेतलंत, मी केलं. खोटं लेबल लावून घेतलंत, मी लावून घेतलं. उद्या खोटं बोल म्हणाला असतात, तर बहुतेक तेही केलं असतं. पण चोर? हा पक्षी माझा आहे. माझ्या घरच्या फरशीवर काढलाय मी तो. मी माझीच वस्तू चोरेन होय?’

इराबत्तीच्या वकिलांनी पेनाला टोपण घातलं.

पुढचं सगळं कागदावर झालं. दाखला अमान्य झाला, पूर्ण ड्यूटी आणि वर दंड बसला. इराबत्तीने अपील केलं, हरला आणि नंतर जमिनीच्या व्यवहारात पडला. आज तो चांगला सुखात आहे, हेही सांगायला हवं. शेड बंद झाली. बावीस बायका पुन्हा विड्यांकडे वळल्या. पद्मामावशी मेली तोवर आमच्या दारात आली नाही, आणि ती चुकली असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी पुढे स्वतःचं लायसन्स काढलं. आज माझ्या सहीने कापड सुटतं, आणि दर वेळी मी आधी काठ बघते.

पण त्या दिवशी आम्ही दोघं कस्टम्सच्या इमारतीतून बाहेर पडलो तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. पनवेलच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. ट्रेलरमागून ट्रेलर जात होते. नान्नांच्या शर्टाचे खांदे धुळीने मातकट झाले होते.

‘विचारायचं तरी होतंस,’ ते म्हणाले. ‘माझं नाव लिहायच्या आधी.’

‘विचारलं असतं तर आला असतात?’

त्यांनी तोंड उघडलं. ‘हो’ म्हणायला उघडलं होतं, ते मला दिसलं. मग मिटलं. रस्त्याकडे बघत राहिले. दोन ट्रेलर गेले, एक रिकामा टँकर गेला.

‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘नसतो आलो.’